एक दात मागे

स्टार्टर मारायचा नाही, असं मी तन्वीरला दोनदा सांगितलं.
बॅटरीची काळी वायर सोडून ठेवली, चारही प्लग
वर्तमानपत्रावर ओळीने, ज्याच्या त्याच्या नंबराने.
तो औंधच्या आयटीआयचा, दुसरं वर्ष. त्याला घाई.
मला एकतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत
गेज हातात धरायची सवय:
जातो, नाही जात. तिसरा शब्द नव्हता.

धनकवडीतली डिसेंबरची सकाळ. पार्किंगची फरशी
थेट गुडघ्याशी बोलते.
झेन नव्व्याण्णवची. गेल्या रविवारी पट्टा बदलल्यापासून
कात्रजच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडते,
सिग्नलला उभी केली की अंग झाडते
ओल्या कुत्र्यासारखं.

तन्वीरने पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरला.
मी खाली, क्रँकच्या बोल्टवर सतराचा पाना,
घड्याळाच्या दिशेने, दमादमाने.
फुस्स झालं. अंगठा उडाला, तो हसला.
पिस्टन वर दोनदा येतो, मी म्हटलं,
एकदा श्वास कोंडून, एकदा नुसता धूर टाकायला.
आपल्याला कोंडलेला हवा.

मग सुई. दहा नंबरची, विणकामाची.
ओळ अर्ध्यात होती, टाके पेन्सिलीवर चढवून आणली.
भोकात सोडली. फिरवत गेले.
सुई वर आली, आली,
थबकली,
आणि खाली जायच्या विचारात असतानाच
मी पाना सोडला.

खालच्या पुलीची खूण शून्यावर.
"वर?"
वर तो बोलेना.
उठले. गुडघा वाजला.
कॅमची खूण खाचेच्या अलीकडेच राहिलेली.
खडू लावून मोजलं. एक दात. एकच.
खाली दोन फेरे, वर एक, हा हिशेब पट्टा कधी चुकवत नाही.
त्याला जे दिलं तेच तो पोचवतो,
चूकसुद्धा, न सांडता.

"मावशी, कुणी बसवला होता?"
मी फडक्याला हात पुसले. परत पुसले.
मीच. नाना पेठेतून पट्टा आणून, एकटीने.
टेन्शनर आवळताना कॅम सरकला असणार जराएवढा,
आणि चष्मा वर राहिला होता, टीव्हीपाशी.
आठवडाभर मात्र पेट्रोलला नावं ठेवली.
बिबवेवाडीच्या पंपावर त्या पोराला
भर रांगेत विचारलं, रॉकेल किती मिसळता रे?

टेन्शनर सैल केला. पट्टा उतरवून कॅम एक दात पुढे.
हाताने दोन फेरे. पुन्हा सुई.
"आता मारू सेल्फ?"
अजून दोन, म्हटलं.
खूण खाचेत आली.
जातो.

वर जाऊन सुई पुसली, टाके परत चढवले. एक कमी भरला,
पेन्सिलीवरून कुठे घसरला कुणास ठाऊक.
स्वेटर माझाच आहे. राहू दे.

उद्या त्याच पंपावर जाईन, पाचशेचं टाकीन.
माफीबिफी नाही मागणार.
पण मीटरचा शून्य बघायला
या वेळी खाली उतरणार नाही.