मोटारीची वही

धनकवडीत आमच्या इमारतीला पाणी पहाटे साडेचारला येतं,
आलं तर.
गुरुवारी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने,
महापालिकेचं हे वाक्य आम्हाला तोंडपाठ आहे
शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं.

कुणाला तरी उठावं लागतं.
जिन्याखालच्या खोलीत मोटार, खिळ्याला किल्ली,
सुतळीने बांधलेली एक वही:
तारीख, चालू, बंद, सही.
सोम-बुध-शुक्र मी.
मंगळ-शनि-रवि समोरचे ढमढेरे.
गुरुवारी पाणी नाही, पाळीही नाही.

ढमढेऱ्यांशी अबोला निकालाच्या दिवसापासून.
त्यांच्या गॅलरीत त्यांचा झेंडा,
माझ्या दारावर माझा स्टिकर,
मधे चार फरशा आणि चपलांचं एक कपाट, सामाईक.
त्या दिवशी ते पेढे वाटत आले
आणि माझ्या दारापुढे जरा जास्तच हसले.
मी म्हटलं, मला शुगर आहे.
नाहीये.
मग जे बोलणं झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या
लोंढ्यांच्या तान्ह्यालाही कळलं असावं.
ते रडायला लागलं.

बोटावरची शाई नखाबरोबर वर सरकत गेली,
दसऱ्याच्या सुमाराला मी ती नेलकटरने काढून टाकली.
अबोला कापायचं घरात काही नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
मला कोण सांगणार?
मंगळवारी सकाळी नळाने नुसती हवा सोडली,
तेव्हा कळलं.
शनिवारी मी उठले. शाल गुंडाळली, बॅटरी घेतली.
उपकार म्हणून नव्हे,
मला आंघोळ करायची होती.

मोटार लावली की चाळीस मिनिटं काही काम नसतं.
मी वही मागे मागे उलटत गेले.
ढमढेऱ्यांचं अक्षर उभं, तलाठ्यासारखं.
आणि मग दिसलं:
माझ्या वारांसमोर, माझ्या सहीच्या उजवीकडे,
समासात, पेन्सिलीने, बारीक,
'५.२० ला टाकी वाहत होती. बंद केली.'
'व्हॉल्व्ह अर्धाच उघडा. फिरवला.'
'बाईंना खोकला आहे. उठल्या नाहीत. लावली.'
या शेवटच्या ओळीची तारीख एकवीस जून.
पेढ्यांनंतरची.

मी तिथे किती वेळ बसले त्याची नोंद आहे:
त्या पहाटे टाकी अर्धा तास वाहिली.

पाळत म्हणावं का याला?
माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, हे उघड आहे.
मला झोपू दिलं, हेही.
दोन्ही एकाच पेन्सिलीने लिहिलेलं.

मी पेन्सिल शोधली. लिहिलं:
'अर्धा तास पाणी वाया. चूक माझी.
तुमचा पक्ष तरीही चूक.'

दहाएक दिवसांनी, पोट धरून, एकेक पायरी
ते उतरले असावेत. खाली उत्तर होतं:
'पाण्याचं मान्य.'

एवढंच. पुढे जिन्यात समोरासमोर आलो
तेव्हा ते म्हणाले, बॉल-कॉक बदलायला हवा.
मी म्हटलं, हवाच.

झेंडा आहे. स्टिकरही आहे, एक कोपरा सुटलाय.
महापालिकेची निवडणूक लागली की पुन्हा जुंपेल,
तोवर वहीत चालू आहे:
टेकडी कुणी विकली, नदीचा काठ कुणाचा,
मेट्रोचं श्रेय, टँकरचं बिल.
त्यांच्या आकड्यांना माझे बाण,
माझ्या बाणांवर त्यांची काट,
आणि मधेच एक ओळ:
'लोणचं दारात ठेवलं आहे. बरणी धुऊन परत करावी.'

काल वही संपली.
बालाजीनगरच्या दुकानात पोराने विचारलं,
शंभर पानी देऊ, की दोनशे?
दोनशे, मी म्हटलं.
आणि समास मोठा आहे ना, बघ.