चादर एक, ओली

कोर्टाच्या कागदावर माझ्या नावापुढे एवढंच होतं:
चादर एक, ओली.
ओली हे कशाला लिहिलं असेल?
वजन वाढावं म्हणून?
आमच्या दारापासून त्या कुंपणापर्यंत
जेमतेम चाळीस पावलं.
त्यांची सात वर्षं झाली.

एनिसच्या तुरुंगात आईनं गजांतून
उकडलेला बटाटा दिला, अजून गरम.
गाडी कॉर्कच्या धक्क्यावर पोचली
तरी माझी मूठ मिटलेलीच होती.

बोटीवर एकशे बारा दिवस.
त्यातल्या साठाव्या की एकसष्टाव्या दिवशी
शेजारची सिबी क्लून गेली.
तिला शिडाच्या कापडात शिवून पाण्यात सोडलं.
चांगलं जाड कापड,
माझ्या चादरीपेक्षा कितीतरी भारी.
फुकट.

होबार्टला कारकुनानं उंची मोजली, दात पाहिले,
हनुवटीवरचा व्रण लिहून घेतला.
(गाईचं शिंग लागलं होतं, नऊ वर्षांची असताना.
ते त्यानं विचारलं नाही.)
नाव? मी म्हटलं, नोरा.
हॅना, त्यानं लिहिलं,
आणि वर टीपकागद दाबला.
शाई वाळली, मी हॅना झाले.

मग काम दिलं.
चादरी धुवायचं.
हसू नका.
डोंगराच्या पोटाशी दगडी इमारत,
दुपारी दोनलाच ऊन पलीकडे उतरायचं,
आणि टाक्यातलं पाणी हाडं मोजून घ्यायचं.
साहेबांच्या चादरी, मडमांच्या, इस्पितळातल्या.
एकीच्या बदल्यात किती झाल्या
ते मी मोजायचे, आमच्या भाषेत,
ओठ न हलवता,
कारण ओठ हलले की त्या दिवशीचा पाव निम्मा.
हजारावर गेल्यावर नाद सोडला.

सात वर्षं भरली तेव्हा एक कागद मिळाला.
मी विचारलं, परतीची बोट कधी?
हा कारकून दुसरा होता, पोरगेला, बरा.
म्हणाला, बाई, शिक्षा फक्त येण्याची असते.

आता नदीकाठी माझी स्वतःची चूल आहे, स्वतःची तीन टोपली.
जूनमध्ये थंडी पडते, तिची सवय झाली.
इथली झाडं पानं झाडत नाहीत, साल सोलून टाकतात,
तिचीही झाली.
हॅना म्हटलं की मान वळते.

गेल्या मंगळवारी रात्री
कुंपणावरच्या चादरी मी आत घेतल्या नाहीत.
विसरले म्हणा.
सकाळी मोजल्या. एक कमी.
पुन्हा मोजल्या, मोठ्यानं, आमच्या भाषेत.
हिवानं पांढऱ्या पडलेल्या गवतावर
पावलं उमटली होती, अनवाणी, लहान.
येतानाची सावकाश,
जातानाची लांब लांब.

शिपाई आला. काही गेलंय का?
म्हटलं, वारा होता रात्री.
त्यानं लिहून घेतलं: वारा.

डॉक्टरीणबाईंना चादरीचे पैसे भरले,
साडेतीन शिलिंग.
ओली होती.
अशा हवेत वाळायला दोन दिवस लागतील तिला.
विस्तवापाशी धरली
तर रात्रीत.