एका बाजूची काच

मगदूम शेठना काच हवी अशी:
आतून सगळं मार्केट यार्ड दिसावं,
बाहेरून नुसतं ऊन.
"रुमालाखाली बोटं धरतो ना, तसं," म्हणाले.

विश्रामबागेत, रात्री दीडला,
एका पृष्ठाला पारा दिला, दुसरं मोकळं ठेवलं.
खोटं वाटलं. काचेला पाठ-पोट नसतं.
मग साधीच काच घेतली,
बाहेर दुपार ओतली,
केबिनमधला दिवा विझवत नेला.
जमलं.
हळदीची पोती काचेवर चढली,
शेठ नाहीसे.

पण अ‍ॅनिमेशन संध्याकाळपर्यंत जातं.
चारशे बाराव्या फ्रेमला यार्ड काळवंडलं,
आत ट्यूब लागली,
आणि पोत्यावर टेकलेल्या हमालाला
शेठ दिसले:
एकटे, डबा उघडून
लोणच्यातली फोड शोधताना.

नऊला ते येतील.
फ्रेम अजून काढलेली नाही.