मान खाली

बाप म्हणायचा, काहीही कर पोट्ट्या,
पण मान खाली घालायची पाळी आणू नको.
आणि मी बारा वर्षं देशासाठी
नेमकं तेच केलं.

तीन नंबर. टाइटहेड प्रॉप.
स्क्रममध्ये ज्याचं डोकं
समोरच्या दोन डोक्यांमध्ये जाऊन बसतं, तो.
इंदोऱ्यात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही
मी काय खेळायचो.
पानठेल्यावर हेडाऊकाका विचारतात,
'थे चेंडूवाली कबड्डीच नं बे?'
मी हो म्हणतो.

कोलंबोचा समुद्र मी पाहिला नाही.
गवत पाहिलं. रुंद पात्याचं, ओलं,
नाकात शिरणारं.
दोह्याचं बारीक, हॉटेलातल्या टॉवेलसारखं,
मुळाशी वाळू.
ताश्कंदला एक गोगलगाय होती,
बरोबर माझ्या डाव्या बुटापुढं.
सोळा माणसांचं वजन तिच्यावर येणार होतं.
'बाइंड' आणि 'सेट' यांच्यामध्ये
रेफ्री जेवढा थांबतो
तेवढा वेळ मी तिच्याकडं बघत होतो.
पुढं काय झालं माहीत नाही.
प्रॉपला पुढचं माहीत नसतंच,
चेंडू केव्हाच मागून निघून गेलेला असतो.

अजनीच्या मैदानात तर गवतच नव्हतं.
काळी माती, एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा.
स्क्रमचं यंत्र कुठून आणणार?
बोरकुटे सरांनी पार्सल ऑफिसातून मागून आणलेली
एक मोडकी हातगाडी,
तिच्यावर सिमेंटची पोती,
पोत्यांवर स्वतः सर,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
'ढकल बे! कंबर वाकव, मान नको!
मान मोडली तं तुह्या माईले मी काय सांगू?'
संध्याकाळपर्यंत आम्ही सरांना
दोनशे मीटर मागं नेलेलं असायचं,
आणि ते तिथूनच शिव्या देत असायचे.

आईनं जकार्ताची मॅच मोबाइलवर पाहिली,
पूर्ण ऐंशी मिनिटं, कुकर बंद ठेवून.
रात्री फोन.
'तू तं दिसलाच नाहीस.'
'माणसायचा ढीग दिसला का?'
'हो, लय वेळा.'
'त्याच्या खाली.'
ती जरा थांबली.
'जेवला का?'

उजवा कान तिसऱ्या वर्षी फुगला,
फुगून दुमडला, गार झालेल्या भज्यासारखा.
चष्म्याची काडी त्यावर बसत नाही.
मुलगी बघायला गेलो तेव्हा
तिच्या वडलांनी कान न्याहाळून विचारलं,
'पैलवान का?'
तिथंही मी हो म्हणालो.

चोवीस सामने. ट्राय शून्य.
एकदा क्वालालंपूरला चेंडू हातात आला होता.
पाच पावलं धावलो. सहाव्याला तिघं अंगावर.
त्या पाच पावलांत मी वर पाहिलं:
दिव्यांचे खांब,
आणि चाकं बाहेर काढून
उतरत असलेलं एक विमान.
एवढाच माझा परदेश.

मग मेडिकलमध्ये डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
पाचव्या-सहाव्या मणक्यांवर
पेनाचं टोपण टेकवलं, आणि बराच वेळ
ते तिथून उचललंच नाही.

बाहेर बाकाला टेकून, जमिनीवर,
बाप बसला होता चपला काढून.
गळ्यातला पांढरा पट्टा बघून म्हणाला,
'आता तं मान वरच राहीन तुही.'

हसला का तो,
की डोळे पुसले,
कळलं नाही.
मला खाली बघता येत नव्हतं.