एकतीस डिसेंबर, पारोळा

तबकडीच्या पोटावर नाव चुकलेलं आहे.
ती कौतिकबाई; छापणाऱ्याने कौशल्याबाई केली.
कौतिक असं नाव असतं
हे मुंबईच्या माणसाला पटलं नसावं.
चौसष्ट सालच्या भाद्रपदात नेलं तिला,
दोन बाजू गाऊन घेतल्या.
पंचेचाळीस रुपये, जाण्यायेण्याचं भाडं,
आणि एका कागदावर अंगठा.

गाणं तसं तिचं नव्हतंच.
कानबाईच्या रात्री तिची आत्या म्हणायची.
आत्याला ते भोकरबारीच्या एका बाईने दिलं
मिरच्या खुडता खुडता,
आणि त्या बाईला कुणी, कोण जाणे.
अंगठा उठला
आणि या सगळ्या बायका गाण्याला परक्या झाल्या.
दिवाळीत तबकडी बाजारात आली.
पुढे गावात कुणी टेपवर उतरवून घेतलं, तर ती चोरी.

मी रेडिओ दुरुस्त करतो. हल्ली मिक्सरच जास्त.
कोर्टातल्या बेलिफाने हिशेब सांगितला:
तबकडी निघाली ते साल संपू द्यायचं,
मग साठ मोजायचे.
मी मोजत आलो, भिंतीवर, खडूने,
उधारीच्या आकड्यांशेजारी.

आज पलीकडच्या मळ्यात पोरं वांगी भाजतायत.
पऱ्हाट्यांचा धूर दुकानात येतो.
सुपडाबाई येऊन बसली आहे,
झेडपीच्या शाळेची शिपाई,
दुपारीच रिटायर झालेली.
शाल, नारळ, स्टीलचा डबा, सगळं घेऊन तशीच आली.
कौतिकबाईची लेक. त्या भाद्रपदात पोटात होती.
म्हणते, "साठ तिले, साठ माले.
एकच दिनले सुटनूत."

बारा वाजून एक मिनिटाने सुई टेकवली.
(एवढं थांबलो, एका मिनिटासाठी चोरी कशाला.)
आधी खरखर, वाळल्या बोंडात बोट घालावं तशी.
मग ढोलकी. मग ती.
आवाज गोड वगैरे नाही.
ठेच्याच्या तळाशी खलाच्या दगडाची चव लागते, तसा.
तिसऱ्या कडव्यापाशी ती थांबते
आणि कंपनीच्या कानातून निसटलेलं
एक वाक्य, ढोलकीवाल्याला, हळूच:
"धीरे वाजाड भाऊ, मन्हा दम टुटस."

सुपडाबाईने हात वर केला.
मी सुई मागे नेली.
परत.
सात वेळा ऐकलं आम्ही. गाणं नाही, तेवढंच.
"मन्हामुळे टुटना व माय,"
ती तबकडीला म्हणाली.

मग मी विचारलं:
आता हे कुणाचंही. कुणी विकेल,
डीजेत घालेल, कापेल, जोडेल.
आईचा तो दमही जाईल त्यात.
चालेल?
कायद्याने विचारायची गरज उरली नाही,
म्हणून तर विचारतो.

ती डब्याचं झाकण फिरवत राहिली.
तीस वर्षं तिने शाळेची घंटा दिली.
"घंटा काय मन्ही व्हती का?" शेवटी म्हणाली,
"पन आयकीसन पोऱ्हे घर जायेत."
आणि थोड्या वेळाने: "नाव मातर नीट लिख."

चुकलेल्या नावावर पट्टी चिकटवली,
मार्करने लिहिलं: कौतिकबाई.
पुढे जागा उरली.
आत्याचं नाव होतं, ते लिहिलं.
भोकरबारीच्या बाईचं कुणाला माहीत नाही,
ढोलकीवाल्याचं सुपडाबाईला आठवेना.
तिने बोट ठेवून दाखवलं, इथे कोरं सोड.

मळ्यातली पोरं आली, केळीच्या पानावर भरीत घेऊन.
काका, काय लावलंय हे? आम्हाला पाठवा ना.
मोबाइलवर भरून घेतलं होतंच.
पाठवलं.
एकाने तिथल्या तिथे त्याचा वेग वाढवला,
सगळे हसले, एक नाचूही लागला,
आणि सुपडाबाई, तोंडात घास,
हात उगारून, आईच्याच आवाजात:
धीरे रे भाऊ, धीरे.