काळी दोन

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि भार्गवी माझ्याशी बोलते तेही साधारण तसंच,
अवेळी, कमी दाबानं,
घागर हाताशी नसताना.

पंधरा वर्षांची आहे.
आतल्या खोलीला दार नाही, तर ती पडदा लावते,
पण दार आपटल्यासारखा.

पेटी तिनं आणली देवळामागच्या भजनी मंडळाकडून.
त्यांनी नवी घेतली होती.
भाता फाटका, कोपरा उंदरानं खाल्लेला
आणि काळी दोन मुकी.
वाजवता वाजवता त्या स्वरापाशी आली
की तेवढाच एक स्वर ती गळ्यानं भरायची.
मी आठ दिवस पडद्याबाहेर शेंगा सोलत
त्या एका स्वराची वाट बघत बसलो.

मी जॉबर. तेवीस वर्षं मागाच्या पोटात हात घालतोय.
धोटा अडला, पिकर तुटला
ते मला तळहाताला कळतं.
कान कधीच गेले. डावा पुरता, उजवा अर्धा,
कारखान्याच्या खात्यावर जमा.

रविवारी म्हणालो, आण इकडे.
म्हणाली, मोडाल.
म्हणालो, मोडलेलीच आहे.

झाकण उघडलं. पितळी पट्टीच्या फटीत
एवढासा कापूस.
साखर पेठेत तो सगळीकडे जातो,
डाळीत, पापणीत, देवाच्या समईत.
दाढीच्या पात्यानं पट्टी उचलली, फुंकर मारली,
भात्याला चादरीच्या किनारीचं ठिगळ, खळ लावून.
काळी दोन बोलली. जरा घोगरी.
"तुमच्यासारखी," ती म्हणाली,
आणि मग, पेटीकडेच बघत,
"नायना, तुम्ही घरात ओरडता. कायम. माहितीये?"

नव्हतं माहीत.
सोळा माग चालू असताना
तंबाखूची पुडी मागायला जेवढा आवाज लागतो
तेवढाच घेऊन मी घरी येत होतो
पंधरा वर्षं.
पाळण्यापाशीसुद्धा?

त्या दिवसापासून भाता माझ्याकडे.
तिला दोन्ही हात मोकळे.
"हळू. हापशावर पाणी खेचताय का?"
मी हळू करायचो, स्वर मरायचा,
मी घाईनं ओढायचो, ती कपाळाला हात लावायची.
मध्ये दोन दिवस बंदच होतं सगळं,
कारण मी म्हणालो होतो, दहावीत पेटी विचारत नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं,
माग कसा वाजतो, नीट सांगा.
तिला चटणीचा डबा दिला, मी परात घेतली.
सांगितलं, सात नंबर आणि आठ नंबर
एकाच पट्ट्यावर, एकाच मालकाचे,
तरी एका ठेक्यात चालत नाहीत.
एक जरासा पुढं, एक मागं, सरकत राहतात,
आणि चालता चालता कधीतरी
दहा-बारा ठोके दोघांचे एकावर एक पडतात.
"मग?"
मग सुटतात.
"मग?"
वाजव की.

मे महिना. पत्र्याखाली कोण झोपतंय.
गच्चीवर तिची आई विड्या वळत म्हणाली,
हजार पुऱ्या होईस्तोवर थांबू नका.
बोटं तिची आमच्यापेक्षा तालात.
सातशेपर्यंत मी तीनदा चुकलो.
भार्गवी दोनदा हसली.
एकदा चुकली ती, मी काही बोललो नाही.

काल रात्री वीज गेली.
सगळ्या पेठेतले माग एकदम गप्प.
लांब कुणाची तरी बादली,
सिद्धेश्वराच्या बाजूनं थोडं वारं.
मी म्हणालो, ते मघाचं परत घे.
माझं मलाच ऐकू आलं नाही,
इतकं हळू.

"काय?" म्हणाली,
आणि पेटी ओढत
माझ्या उजव्या कानाशी सरकून बसली.

मी लगेच पुन्हा म्हणालो नाही.