बेदाणे

शनिवारी दुपारी, मिरजेच्या आमच्या देवळामागच्या खोलीत
मी बेदाणे निवडत बसते.
देठ काढायचे, खडे काढायचे,
रात्री भिजवायचे, पहाटे उकळून गाळायचे.
उद्याच्या प्रभुभोजनाचा रस.
एकोणीस वर्षं हे काम माझ्याकडं आहे.

बेदाणे तासगावचे. एलिया लोखंडे आणून देतो.
तोच एलिया,
ज्यानं पंचांच्या सभेत उभं राहून माझ्या नवऱ्याला विचारलं,
"कापणीच्या सणाचे तेराशे चाळीस रुपये कुठं गेले, शमुवेल?"
रुपये सापडले. पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात, सहा महिन्यांनी.
तोवर शमुवेल शेवटच्या बाकावर बसायला शिकला होता,
आणि मग बाकावरही यायचा थांबला.

एलिया दारात पिशवी ठेवतो. "सलाम, बाई."
बारा वर्षं मी वजन बघते,
सलाम घेत नाही.

पाळकसाहेब म्हणाले, सोडून द्या आता.
ते नवे आहेत, सोलापूरहून आलेत,
त्यांच्याकडं सोडायला काहीच नाही.

दर रविवारी प्रार्थनेत तो ऋणाचा शब्द आला
की माझी जीभ टाळूला चिकटते.
मंडळी पुढं जाते.
मी त्यांना पुढच्या ओळीत गाठते.
देवाच्या हे लक्षात आलं असणार.
तो खजिनदार नाही, पण हिशेब त्यालाही येतो.

प्यालेही मीच धुते. बेचाळीस, काचेचे, अंगठ्याएवढे.
सगळ्या ओठांचे डाग सारखेच,
एलियाचा कुठला, कळत नाही.
सुरुवातीला शोधायची. खरं सांगते, शोधायची.
आता हात थांबत नाही.
याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

आज पिशवी उंबऱ्यावरच उलटली.
त्याचे हात हल्ली लटपटतात.
बेदाणे फरशीभर.
तो गुडघे मोडत खाली बसला, एकेक वेचू लागला.
मीही बसले.
फरशीवरचे रसाला चालत नाहीत,
दोघांनाही ठाऊक.
तरी वेचत राहिलो.

"शमुवेलला फार आवडायचे," तो म्हणाला.
"नव्हते आवडत," मी म्हणाले,
"शिऱ्यातले काढून ताटाच्या कडेला ठेवायचा."
एलिया हसला की काय, मान खाली होती.

उठताना मी त्याच्या कोपराला धरलं.
दारापाशी तो थांबला, काहीतरी बोलणार होता.
मीच म्हटलं,
"पुढच्या वेळी डब्यातून आण."